मुखवटा कुणाचा, वही कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री अकरा वाजता खोलीवर आला. हातात करारपत्र. पानं अकरा, भाषा इंग्रजी. पोरगं रॅप करतं. गाणं स्वतः लिहितं, बीट स्वतः बनवतं, एका सेकंडहँड लॅपटॉपवर, ज्याची बॅटरी कधीच मेलीय आणि जो वायर लावल्याशिवाय चालत नाही. २०१९ साली 'गली बॉय' आला तेव्हापासून कंपन्यांना गल्ल्या दिसायला लागल्यात. त्याआधी त्यांना गल्लीचा फक्त वास यायचा. तर एका कंपनीचा माणूस ह्याला एसी हॉटेलात चहा पाजून हे कागद देऊन गेला होता. म्हणाला, सही कर, पुढचं आम्ही बघतो.

आम्ही मॅट्रिक. गोदीत ओझी वाहणारे. कायद्याचं इंग्रजी आमच्या सात पिढ्यांनी वाचलेलं नाही, फक्त भोगलंय. तरी डिक्शनरी घेऊन बसलो. चौथ्या पानावर आलो आणि थांबलो. लिहिलं होतं, ह्या गाण्यांचे सगळे हक्क कंपनीचे, कायमचे, आणि अख्ख्या विश्वात. विश्वात! म्हणजे उद्या मंगळावर वस्ती झाली आणि तिथल्या कुणा हमालाने पाठीवर गोणी घेताना हे गाणं गुणगुणलं, तरी त्याचा पैसा कंपनीला. पोरगं हसायला लागलं. आम्हाला हसू आलं नाही.

त्याच्या लॅपटॉपच्या पाठीवर एक स्टिकर होतं. लोखंडी मुखवटा. हा कोण रे, आम्ही विचारलं. "डूम आहे. लेजंड." बास. ह्यापुढे त्याला कायबी ठाऊक नव्हतं. टी-शर्टवर चे गव्हेरा आणि डोक्यात काहीच नाही, त्यातलाच प्रकार. आम्ही म्हटलं, सही राहू दे. आधी ह्या स्टिकरवाल्याची गोष्ट ऐक.

ती गोष्ट त्याला सांगितली तशीच ह्या पानावर मांडतोय. कारण असे कागद घेऊन फिरणारा हा एकटाच पोरगा नाही.

त्या माणसाचं नाव डॅनियल डुमिले. जन्म १९७१, लंडन. बाप झिम्बाब्वेचा, आई त्रिनिदादची. लहानपणीच घर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आलं आणि पोरगा तिथेच वाढला. जन्म लंडनचा, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती शेवटी सरकारच्या कामाला येणार आहे.

डॅनियल आणि त्याचा धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे. गाण्यातली नावं झेव्ह लव्ह एक्स आणि सबरॉक. दोघं केएमडी ह्या गटात. इलेक्ट्रा नावाच्या मोठ्या कंपनीने त्यांना घेतलं. ही कंपनी टाइम-वॉर्नर ह्या राक्षसाच्या पोटातली. १९९१ साली पहिली तबकडी निघाली, 'मिस्टर हूड'. मिस्कील, पोरकट, पण आत सुरी. त्या तबकडीतच त्यांनी साम्बोला पकडलं होतं. साम्बो म्हणजे गोऱ्यांनी काढलेलं काळ्या माणसाचं विदूषकी चित्र. जाड ओठ, बटबटीत डोळे, दात काढून हसणारा. मालकाने मारलं तरी हसणारा. शंभर वर्षं हे चित्र गोऱ्यांच्या घरात साबणाच्या वडीपासून पोरांच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे होतं. असं चित्र काय असतं ते आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. सिनेमात, नाटकात आमच्या माणसाच्या तोंडी कुठली बोली घालतात आणि लोक कुठे हसतात, हे आपण पडद्यासमोर बसून पाहिलंय.

दुसऱ्या तबकडीचं काम चालू होतं. एप्रिल १९९३. लाँग आयलंडच्या हमरस्त्यावर गाडीने सबरॉकला उडवलं. वय एकोणीस. थोरल्याने अर्धी राहिलेली तबकडी एकट्याने पुरी केली. एका हाताने भावाला मूठमाती द्यायची आणि दुसऱ्या हाताने भावाच्याच आवाजाचे तुकडे जुळवायचे. हे काम त्याने केलं. त्यावर आम्ही जास्त लिहिणार नाही. ज्यांनी असं केलंय त्यांना कळेल.

तबकडीचं नाव 'ब्लॅक बास्टर्ड्‌स'. मुखपृष्ठावर त्याने साम्बोला फासावर लटकवलं. शाळेत पोरं पाटीवर फाशीचा खेळ खेळतात, अक्षर चुकलं की एक रेघ, तसलं चित्र. अर्थ दिवसासारखा स्वच्छ. आमच्या नावाने तुम्ही जो विदूषक पोसलात, त्याला आज आम्ही फाशी देतोय.

आणि मग काय झालं पाहा. धंदेवाल्यांचं 'बिलबोर्ड' तेव्हा साप्ताहिक होतं. त्यातल्या एका स्तंभात ओरड झाली की हे चित्र काळ्यांचा अपमान करणारं आहे. कंपनीने तबकडी ऐकली की नाही देव जाणे, चित्र मात्र पाहिलं. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ साली, आइस-टीच्या पोलिसांवरच्या एका गाण्यावरून ह्याच टाइम-वॉर्नरच्या दारात पोलीस संघटना आणि पुढारी मोर्चे घेऊन आले होते. तेव्हापासून कंपनीला स्वतःच्या सावलीची भीती. १९९४ साली, तबकडी बाजारात यायच्या तोंडावर, इलेक्ट्राने ती रद्द केली. पोराला करारातून मोकळा केला आणि टेपा परत दिल्या.

म्हणजे साम्बो ज्यांनी बनवला, छापला, विकला, त्यांच्याच बाजारात साम्बोला फाशी देणारा वंशद्वेषी ठरला. फाशी शेवटी कुणाला झाली? चित्रातला साम्बो सुटला आणि चित्र काढणारा लटकला. दोस्तहो, प्रस्थापितांची ही चाल आपल्याला नवी नाही. त्यांनी दिलेली शिवी आपण कागदावर लिहून दाखवली की अश्लील आपण ठरतो.

त्यानंतर तीनेक वर्षं हा माणूस कुठे होता ते कुणी विचारलं नाही. भाऊ गेला, कंपनी गेली. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरत होतो, बाकड्यांवर झोपायची पाळी आली होती, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. वर्तमानपत्रांना त्याची खबर नव्हती. ह्याच काळात रॅप सूट घालून मोठ्या पडद्यावर गेलं, शॅम्पेन उडवायला लागलं.

मग १९९७-९८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत एक इसम माइकसमोर उभा राहिला. तोंडावर बायकांचा नायलॉनचा मोजा ओढलेला. ही कॅफे प्वेर्तो रिकोहून आलेल्या गरीब कवींनी सत्तरच्या दशकात काढलेली. मोठी प्रकाशनं ज्यांच्या कविता हुंगायलाही तयार नव्हती, अशांची जागा. कंपनीच्या दारातून हाकललेला माणूस कवींच्या दारातून परत आला. आम्हाला ह्या गोष्टीतलं हे ठिकाण सगळ्यात आवडतं. थोडा स्वार्थ आहे, असू दे.

मोज्याच्या जागी पुढे लोखंडी मुखवटा आला आणि नाव आलं एमएफ डूम. मार्व्हलच्या चित्रपुस्तकात डॉक्टर डूम नावाचा खलनायक आहे, जळलेला चेहरा लोखंडाआड लपवणारा. ह्याने नायक घेतला नाही, खलनायक घेतला. तुम्ही मला वाईट ठरवलंत ना, मग घ्या, मी वाईटच. 'एमएफ' म्हणजे मेटल फेस, लोखंडी चेहरा. आणि बीट बनवताना मेटल फिंगर्स, लोखंडी बोटं. गोदीत ज्यांनी साखळदंड ओढलेत त्यांना ह्या दुसऱ्या नावाची गंमत जास्त कळेल.

मुखवट्याला आता लोक गूढ, जादू, स्टाइल म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. कंपनीने ह्याच्या गाण्याकडे पाठ करून चित्राकडे बघितलं होतं. त्याचं उत्तर म्हणून ह्याने बघण्यासारखं सगळंच काढून घेतलं. रॅपरचा चेहरा, गळ्यातली चेन, गाडी, अंगावरची जखम, हे सगळं धंद्याला विकायला लागतं. ह्याने दुकानात फक्त शब्द ठेवले. चेहरा बघायचाय? नाही मिळणार. ऐक.

त्याची १९९९ सालची 'ऑपरेशन: डूम्सडे' काढली कुणी? फॉन्डल एम रेकॉर्ड्‌स. नाव ऐकून घाबरू नका, मोठं कायबी नव्हतं. बॉबिटो गार्सिया नावाच्या रेडिओवाल्याने चालवलेली छोटी कंपनी, खिशातल्या पैशांवर थोड्या तबकड्या काढून छोट्या दुकानांत ठेवणारी. आपल्या मराठीत ह्याला जुना शब्द आहे, अनियतकालिक. पैसे जमले की अंक, नाही जमले की नाही. प्रकाशक कवीच्या खांद्याला खांदा लावून गठ्ठे बांधतो. साठ-सत्तर सालात मुंबईत सायक्लोस्टाइलवर शंभर-दोनशे प्रती काढून लोकांनी मराठी कविता उलथवली. तिकडे हेच काम बारा इंची काळ्या तबकडीने केलं.

आता कामाकडे वळू. आपली पोरं स्टिकर लावतात आणि कामाकडे बघत नाहीत.

डूम स्वतः बीट बनवायचा. त्याच्या पहिल्या तबकडीत आवाज कुठले? ऐंशीच्या दशकातली रेडिओवरची मऊ प्रेमगाणी, ज्यांना तेव्हाचे कडक रॅपवाले बायकी म्हणून नाक मुरडायचे. पोरांच्या जुन्या कार्टूनमधले खलनायकांचे संवाद. त्यावर साधा ढोल. गुळगुळीत करण्याची हौस नाही, सुई घासल्याची खरखर तशीच. २००१ पासून त्याने 'स्पेशल हर्ब्ज' नावाने नुसत्या बीटांच्या तबकड्या काढल्या, एकेका बीटाला एकेका वनस्पतीचं नाव. त्यातलीच बीटं आपल्या गाण्यांत वापरली, दुसऱ्यांना दिली, पुन्हा फिरवली. रात्रीच्या उरल्या भाकरीचा सकाळी कुस्करा करून खाणारं घर ज्याने पाहिलंय त्याला ह्यात आळस दिसणार नाही.

आणि शब्द. त्याचं यमक ओळीच्या शेवटी उभं राहून टाळ्या मागत नाही. आपल्याकडचा शिकाऊ कवी 'खोली'ला 'बोली' जोडतो आणि खूश होतो. डूमच्या पद्धतीने गेलं तर 'भाड्याची खोली'ला 'वाड्याची होळी' जोडावी लागेल, पाचच्या पाच अक्षरं, आणि तोच आवाज पुढच्या ओळीच्या पोटात तिसऱ्यांदा लपवावा लागेल. (उदाहरण आमचं आहे, त्याचं नाही. त्याला बोल लावू नका.) वर बोलायचा असा, की नुकताच झोपेतून उठलाय. ओरडणं नाही. स्वतःबद्दल बोलताना 'मी' फार कमी, 'तो खलनायक' असंच जास्त. आपल्याकडे विद्रोह म्हणजे घसा फुटेस्तोवर किंचाळणं अशी समजूत आहे. आम्हीही त्यातलेच. पण हा माणूस कुजबुजत्या आवाजात विनोद सांगतो आणि दोन दिवसांनी कळतं की सुरा लागलाय.

धंद्यात त्याने जे केलं ते तर पाठ करून ठेवा. २००३ साली तो किंग गीडोरा झाला, गॉडझिलाच्या सिनेमातला तीन डोक्यांचा राक्षस, आणि त्या नावाची तबकडी लंडनच्या बिग डाडा कंपनीकडून काढली. त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉन झाला, ती तबकडी न्यूयॉर्कच्या साउंड-इंककडून. २००४ साली मॅडलिब ह्या बीटवाल्याबरोबर मॅडव्हिलन झाला, ती कॅलिफोर्नियाच्या स्टोन्स थ्रोकडून. त्याच वर्षी डूम ह्या नावाने 'एमएम..फूड', आपल्या नावाचीच अक्षरं उलटीपालटी करून, ती मिनियापोलिसच्या ऱ्हाइमसेयर्सकडून. लोक म्हणतात केवढी कल्पनाशक्ती! आम्ही म्हणतो, हिशोबही बघा. एक माणूस, चार नावं, चार दुकानं, आणि अख्खा माणूस एकाच्याही मालकीचा नाही. इलेक्ट्राच्या एका सहीने त्याचं सगळं आयुष्य बंद पडलं होतं. आता एकाने दार लावलं तर तीन दारं उघडी.

'मॅडव्हिलनी' आज जगभर डोक्यावर घेतात. तिची कथा थोडक्यात अशी. मॅडलिब ब्राझीलला गेला होता. तिथे हॉटेलच्या खोलीत जेवणाच्या डब्याएवढं एसपी-३०३ नावाचं यंत्र, एक हातात नेता येणारा टर्नटेबल आणि एक टेपरेकॉर्डर, एवढ्यावर त्याने बरीचशी बीटं उभी केली. लाखोंचा स्टुडिओ नाही. पण त्याच प्रवासात कच्च्या गाण्यांची प्रत चोरीला गेली आणि तबकडी निघायच्या वर्षभर आधी इंटरनेटवर फुटली. दोघांचं मन उडालं. दुसरा असता तर सोडून देता. डूमने परत येऊन आपले शब्द पुन्हा म्हटले, आधीपेक्षा सावकाश, खालच्या पट्टीत. आज आपण जो आवाज ओळखतो तो तसा निघाला. बावीस तुकडे, बहुतेक तीन मिनिटांच्या आतले, धृपद जवळजवळ नाहीच. बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत ती १७९ वर पोचली. म्हणजे बाजाराच्या भाषेत नापास. वीस वर्षांनी त्या यादीतले पहिले दहा कोण होते ते कुणी सांगावं.

आता एक अडचणीचा प्रश्न. पोरग्याने आम्हाला तो त्याच रात्री विचारला. दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे कापून लावणं ही चोरी नाही का?

आमच्या आया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. वाकळीला कुणी चोरीचा माल म्हणत नाही, हे एक. दुसरं, १९९१ च्या डिसेंबरात बिझ मार्की ह्या रॅपरवर खटला झाला. एका जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय घेतला होता. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने निकालपत्राची सुरुवातच बायबलातल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी पैसे मोजायची वेळ आली, आणि पैसे मोजू शकत होते ते मोठे. पण पैसा जातो कुणाकडे? ज्याने वाजवलं त्याच्याकडे की ज्याच्या कपाटात ती तबकडी आहे त्याच्याकडे?

हा प्रश्न अमेरिकेत नेऊन ठेवू नका, मुंबईचाच आहे. २००७ साली ह्याच मॅडलिबने 'बीट कंडक्टा इन इंडिया' नावाची तबकडी काढली. जुन्या हिंदी सिनेमांची गाणी कापून बनवलेली. त्या गाण्यांत ट्रम्पेट, व्हायोलिन, सॅक्सोफोन वाजवणारे कोण होते? पुष्कळसे गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. ह्या लोकांनी मुंबईच्या स्टुडिओत हिंदी गाण्याचा वाद्यवृंद उभा केला, सूर कागदावर मांडले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव संगीतकाराचं. वादकाला पाळीचे पैसे, आमच्यासारखेच. पाळी संपली, हक्क संपला. गाणं साठ वर्षं वाजत राहिलं आणि कॅलिफोर्नियात जाऊन पुन्हा वाजलं. तेव्हा पोरा, चोरीचा कायदा जेव्हा बोलायला लागतो तेव्हा आधी बघ तो कुणाच्या तिजोरीत उभा राहून बोलतोय. आणि दुसरंही सांगतो, तू कुणा गरीब वादकाचा तुकडा घेतलास तर त्याचं नाव लिही. डूमचंही जे काही चुकलं असेल ते तू पुढे चालवायचं नाही.

कारण त्याचंही चुकलंय. आम्ही इथे आरती करायला बसलेलो नाही. २००७ साली अमेरिकेतल्या कार्यक्रमांत त्याने आपल्या मुखवट्यात दुसराच माणूस स्टेजवर पाठवला. तो नुसते ओठ हलवायचा, आवाज टेपचा. लोकांनी ओळखलं आणि बोंब मारली. डूमचं म्हणणं, मी लेखक आहे, दिग्दर्शक आहे, पात्र कुणी करायचं ते मी ठरवीन. वाद घालायला झकास आहे. मुखवट्याचं तर्कशास्त्र तिथवर जातंच. पण तिकीट काढणारा दिवसभर राबून आलेला असतो. त्याला चेहरा नको दाखवूस, तुझा दम तरी दाखव. कंपनीने आपल्याला फसवलं म्हणून आपण आपल्या माणसांना फसवायचं, ही भडवेगिरी आम्हाला मान्य नाही. कितीही मोठा कवी असो.

आता सरकारच्या कामाकडे. २०१० साली तो युरोपातले कार्यक्रम आटपून परत निघाला आणि अमेरिकेने दार लावलं. लहानपणापासून तिथे वाढलेला, बायकापोरं तिथे, भावाची माती तिथे. पण नागरिकत्वाचा कागद कधी झालेलाच नव्हता. जन्म लंडनचा ना, मग जा लंडनला. अमेरिकेच्या ह्या संगीतात त्याने जी भर घातली ती कस्टमच्या खिडकीत मोजली गेली नाही. तो इंग्लंडात राहिला. २०१२ साली जनेरो जॅरेलबरोबर तिथून 'की टू द कफ्स' काढली. तबकडीच्या नावातच बेड्या आहेत, किल्ली नुसती मागितलेली. २०१७ साली चौदा वर्षांचा मुलगा गेला.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्सच्या इस्पितळात तो स्वतः गेला. एकोणपन्नास वय. जगाला कळलं बरोबर दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, बायकोने सांगितलं तेव्हा. रक्तदाबाच्या औषधाची उलटी प्रतिक्रिया झाली होती, हे २०२३ साली चौकशीत बाहेर आलं. देखभाल हवी तशी झाली नाही म्हणून इस्पितळाने माफी मागितली. माफी. बरं.

स्टिकरवाली पोरं इथे थांबतात. आम्ही थांबणार नाही, कारण आमची झोप उडवणारी गोष्ट ह्यापुढची आहे.

त्याच्या वह्या. हाताने लिहिलेल्या, तीसेक वह्या. त्यात झालेली गाणी, न झालेली गाणी, विचार, खाडाखोड. अमेरिकेने दार लावलं तेव्हा त्या लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या भाड्याच्या स्टुडिओत राहिल्या. माणूस तिकडे, वह्या इकडे, मध्ये समुद्र आणि सरकार. त्याच्या बायकोने २०२३ साली कोर्टात दावा लावला. स्टुडिओचं भाडं थकलं होतं, घरमालकाकडून त्या वह्या एकाने घेतल्या, आणि मागूनही परत दिल्या नाहीत, असं तिचं म्हणणं. तो एकजण म्हणजे कोण परका नव्हता. 'मॅडव्हिलनी' काढणाऱ्या त्याच छोट्या कंपनीत पूर्वी काम केलेला. त्याचं म्हणणं, मी त्या वाचवल्या, नाहीतर गेल्याच असत्या. शेवटी आपसात मिटलं आणि वह्या घरच्यांकडे परत द्यायचं ठरलं.

पुन्हा वाचा. ज्याने चार नावं घेऊन चार कंपन्यांना आपल्यावर बसू दिलं नाही, चेहरासुद्धा कुणाला दिला नाही, त्याच्या वह्या भाड्याच्या खोलीत अडकल्या. सगळी दारं त्याने स्वतःच्या हातात ठेवली होती. एक राहिलं, घरमालकाचं.

हे वाचून आम्ही उठलो आणि आमची पत्र्याची ट्रंक उघडली. सात वह्या निघाल्या. दोन वह्यांना वाळवी. एक वही कुणीतरी नेलीय, कुणी ते आठवत नाही. खोली भाड्याची, पावती बापाच्या नावावर.

तर पोरा, तुझे अकरा कागद. तू विचारलंस की कंपनीला अख्खं विश्व कशाला पाहिजे. त्यांना वेड लागलेलं नाही, कायदा माहीत आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरायचा. म्हणून ते 'कायमचं' आणि 'विश्वात' लिहून घेतात. तू मुकाट राहिलास तर कायदा तुझ्या बाजूने बोलतो, सही केलीस तर त्याचं तोंड बंद. आणि २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा करारात लिहून घेतला तरी काढून घेता येत नाही. तुझ्या कागदात सातव्या पानावर तो काढून घेतलेला आहे. म्हणजे एक तर त्यांच्या वकिलाला कायदा येत नाही, नाहीतर तुला येत नाही हे त्याला येतं.

पोरग्याने चौथ्या आणि सातव्या पानावर लाल पेनाने काट मारली, मुदत तीन वर्षं आणि प्रदेश भारत असं लिहिलं, आणि कागद परत नेऊन दिले. कंपनीचा माणूस म्हणाला, वर विचारून सांगतो. त्याला आता साडेतीन आठवडे झाले. फोन नाही. पोरगं थोडं खट्टू आहे. त्याची आई आमच्यावर रागावलीय, मिळत होतं ते घालवलंत म्हणते. तिच्या रागाला आमच्याकडे उत्तर नाही, तिच्या घरात पंखा घ्यायचा राहिलाय.

ज्या कुणाकडे असले कागद आले असतील त्यांनी झेरॉक्स आमच्या पत्त्यावर पाठवावेत. तुमचं नाव खोडून आम्ही ती कलमं मराठीत करून पुढच्या अंकात छापू. अंक कधी निघेल सांगता येत नाही, कागदाचे पैसे जमायचेत.